चार वर्षांचा पत्ता : विद्यापीठाचा ई-मेल आणि व्यापारी कुटुंब

पोलादपूर मागे पडले की मुंबई-गोवा महामार्ग कशेडीचा घाट चढू लागतो. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड. २०२३ च्या गणेशोत्सवात येथील नव्या बोगद्यातून हलक्या वाहनांना प्रथम वाट मिळाली आणि पिढ्यान्पिढ्या घाटाची वळणे मोजत ये-जा करणाऱ्यांचा बराच वेळ वाचू लागला. महाड-पोलादपूरच्या पेठांत किराणा, कापड, भुसार, औषधे यांची दुकाने सांभाळणाऱ्या घरांतील मुले-मुलीही आता शिक्षणासाठी दूरवर जातात. कोणी महाडच्या महाविद्यालयात, कोणी माणगाव तालुक्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात, कोणी मुंबई-पुण्यास, तर कोणी थेट परदेशी. प्रवेश निश्चित झाला की ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड आणि वसतिगृहाची खोली यांबरोबर अनेक संस्था विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक गोष्ट देतात. ती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घरात तिची फारशी चर्चा होत नाही. ती म्हणजे संस्थेच्या नावाचा ई-मेल पत्ता.

फी भरल्याची पावती वडील जपून फाईलला लावतात. वसतिगृहाच्या अनामत रकमेची नोंद वहीत होते. या पत्त्याचा पासवर्ड मात्र वहीच्या शेवटच्या पानावर कोठेतरी खरडलेला राहतो. पुढे परीक्षेची, शिष्यवृत्तीची, नोकरीची आणि कधी कधी घरच्या धंद्याचीही कामे याच पत्त्यापाशी येऊन अडतात. म्हणून हा पत्ता म्हणजे नेमके काय, त्याचे मोल किती आणि त्याची मुदत कधी संपते, हे विद्यार्थ्याइतकेच त्याच्या पालकांनीही समजून घेणे हिताचे आहे.

आरंभ मुंबईतच

भारतात ई-मेलचा आरंभ बाजारात झाला नाही. तो विद्याक्षेत्रात झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा होता. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या संस्थांना संगणकांच्या जाळ्याने जोडणे हा त्याचा उद्देश होता. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था त्यात आरंभापासून होत्या. १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. १९८९ मध्ये याच केंद्रातून अमेरिकेशी जोडणी झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. आज मोबाईलवर काढलेले दोन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या वेगाने पाठवायचे म्हटले, तर जवळजवळ अर्धा तास लागला असता.

सर्वसामान्य ग्राहकासाठी विदेश संचार निगमाने इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विनामूल्य ई-मेल देणारी हॉटमेल सेवा १९९६ मध्ये आली आणि जीमेल १ एप्रिल २००४ रोजी. म्हणजे ज्या काळात पेठेतील व्यापारी बाहेरगावच्या पेढीशी तार, ट्रंककॉल आणि पोस्टकार्ड यांवर व्यवहार करीत होता, त्या काळात देशातील निवडक संशोधक आणि प्राध्यापक विद्यापीठाच्या पत्त्यावरून परदेशी पत्रे पाठवू लागले होते. विद्यापीठाच्या पत्त्याभोवती जे वजन आजही आहे, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

पत्त्याचे दोन भाग

ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात आणि मध्ये ‘अ‍ॅट’ हे चिन्ह असते. हे चिन्ह या कामासाठी अमेरिकेतील अभियंता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये योजिले. चिन्हाच्या अलीकडे व्यक्तीचे नाव, पलीकडे तिच्या घराचे. जुन्या पत्रव्यवहारात जसे मुनिमाचे नाव खाली आणि पेढीचे नाव शीर्षस्थानी असे, तसाच हा प्रकार. मुनीम अनोळखी असला तरी पेढीचे नाव ओळखीचे असेल, तर माल उधारीवर निघत असे.

भारतात ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ या अक्षरांनी संपणारा पत्ता कोणालाही विकत घेता येत नाही. अर्नेट इंडिया या शासकीय संस्थेमार्फत पात्र शिक्षणसंस्थांनाच तो दिला जातो आणि त्यासाठी संस्थेला आपली कागदपत्रे सादर करावी लागतात. ब्रिटनमध्ये त्याच धर्तीवर ‘एसी डॉट यूके’ आहे. अमेरिकेत ‘डॉट ईडीयू’ हा पत्ता २००१ पासून एज्युकॉज या संस्थेच्या व्यवस्थेखाली आहे आणि तो तेथील मान्यताप्राप्त उच्च शिक्षणसंस्थांना मिळतो. उलट ‘डॉट कॉम’ने संपणारे नाव थोडे पैसे भरले की कोणाच्याही हाती येते.

पूर्वी बँकेत नवे खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराचा परिचय लागत असे. परिचय देणारा आपल्या सहीने सांगत असे की, हा माणूस माझ्या माहितीचा आहे. विद्यापीठाचा पत्ता हे असेच एक परिचयपत्र आहे. ‘हा विद्यार्थी आमच्या पटावर आहे,’ असे संस्था त्यातून जगाला सांगते. २००४ मध्ये फेसबुक निघाले तेव्हा ते केवळ हार्वर्ड विद्यापीठाचा पत्ता असलेल्यांसाठी होते. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. त्यापूर्वी त्याचे दार प्रामुख्याने शिक्षणसंस्थांच्या पत्त्यांनीच उघडत होते.

या पत्त्यावर काय मिळते?

पहिला लाभ संगणकीय साधनांचा. मायक्रोसॉफ्टचे वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट हे कार्यक्रम पात्र संस्थेच्या विद्यार्थ्याला संस्थेच्या पत्त्यावर विनामूल्य वापरता येतात. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांसाठी गिटहबची विद्यार्थी योजना आहे. ज्या घरात मुलासाठी संगणक घेतला की त्यावरच्या कार्यक्रमांसाठी वेगळा खर्च होतो, त्या घराने ही चौकशी आधी करावी.

दुसरा लाभ ज्ञानाचा, आणि तो अधिक मोलाचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी तीत ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. जगातील ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके केंद्र आणि राज्य शासनाच्या ६,३०० हून अधिक संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक आणि संशोधकांना खुली व्हावीत, असा तिचा हेतू आहे. वाणिज्य किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः विकत घ्यायचा म्हटला, तर यांतला एकेक लेख त्याला हजारो रुपयांना पडतो. मात्र वाचक खरोखर संस्थेचाच आहे हे पटवावे लागते, आणि संस्थेने दिलेली ओळख तेथे उपयोगी पडते. शासकीय संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या ग्रंथपालांना या योजनेविषयी अवश्य विचारावे.

तिसरा लाभ पत्राला मिळणाऱ्या मानाचा. एखाद्या कारखान्यात उन्हाळी प्रशिक्षणाची संधी मागायची असो वा दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापकाला शंका विचारायची असो, संस्थेच्या पत्त्यावरून गेलेले पत्र उघडले जाण्याची शक्यता अधिक असते. परदेशी प्रवेशासाठी लागणारे शिफारसपत्रही प्राध्यापकांनी संस्थेच्या पत्त्यावरून पाठवावे, अशी अनेक विद्यापीठांची अपेक्षा असते. म्हणून विद्यार्थ्याने प्राध्यापकांकडे शिफारस मागताना ही गोष्ट नम्रपणे त्यांच्या कानावर घालावी.

खाते कोणाचे?

येथे व्यापारी कुटुंबाला सहज कळेल असा प्रश्न येतो : मालकी कोणाची? विद्यापीठाच्या पत्त्यावर नाव विद्यार्थ्याचे असले, तरी खाते संस्थेचे असते. संस्थेने नेमलेला व्यवस्थापक पासवर्ड बदलू शकतो, खाते थांबवू शकतो आणि संस्थेच्या नियमांनुसार खात्यातील मजकुरापर्यंतही पोहोचू शकतो. भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणारा भाडेकरू गाळ्यात माल ठेवतो, पण गाळा त्याचा होत नाही. हे नातेही तसेच आहे. म्हणून अत्यंत खाजगी पत्रव्यवहार, आजारपणाचे कागद किंवा घरातील विवाहसंबंधाची बोलणी या खात्यातून करू नयेत.

जागेचाही प्रश्न आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठवणूक दिली होती. २०२१ मध्ये तिने हे धोरण बदलल्याचे जाहीर केले आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट अशी मूळ मर्यादा घातली. तेव्हापासून संस्थाही विद्यार्थ्यांच्या खात्यांना मर्यादा घालू लागल्या आणि शिक्षण संपलेल्यांची खाती बंद करण्याकडे त्यांचा कल वाढला.

बँकेच्या खात्याशी तुलना केली की फरक ध्यानात येतो. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर बँकेतील बचत खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. तरीही खातेदार किंवा त्याचा वारस पुढे केव्हाही पुराव्यासह बँकेत जाऊन ती मागू शकतो. विद्यापीठाच्या ई-मेल खात्याला असे संरक्षण नाही. संस्थेने ठरवलेली मुदत संपली की खाते बंद होते, आणि आतला मजकूर एकदा पुसला गेला की वारसालाही मिळत नाही. काही संस्था माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळा पत्ता देतात, काही जुनाच पत्ता काही महिने चालू ठेवतात, तर काही निकालानंतर लगेच बंद करतात. नियम प्रत्येक संस्थेचा निराळा असल्याने तो पहिल्याच वर्षी विचारून घ्यावा.

पेढीची गुंतवण

खरा धोका यापुढेच आहे. समजा, पोलादपूरच्या बाजारातील एका दुकानाची जीएसटी नोंदणी करायची आहे. वडिलांचा ई-मेल नाही. मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संगणकातले त्याला कळते. अर्ज भरताना तो आपला विद्यापीठाचा पत्ता लिहितो, कारण रोजचा वापर त्याचाच. त्याच ओघात उद्यम नोंदणी, बँकेची ऑनलाइन सेवा, कंपनीच्या वितरकाचे खाते आणि मालाची ऑर्डर नोंदवण्याचे अ‍ॅप यांतही तोच पत्ता जातो. दोन वर्षे सगळे सुरळीत चालते. मग मुलगा पदवीधर होतो, घरात पेढे वाटले जातात आणि काही महिन्यांनी पत्ता बंद होतो. त्यानंतर एके दिवशी पासवर्ड बदलण्याची वेळ येते, आणि ओटीपी जातो तो अस्तित्वातच नसलेल्या पत्त्यावर. त्याहून गंभीर म्हणजे जीएसटी विभागाची नोटीस त्या पत्त्यावर जाते आणि उत्तराची मुदत कोणाच्याही नकळत उलटते.

यावर उपाय आहे, पण तो वेळेत करायला हवा. पत्ता चालू असेपर्यंत जीएसटी संकेतस्थळावर ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीच्या अर्जातून अधिकृत सहीकर्त्याचा ई-मेल आणि मोबाईल क्रमांक ओटीपीच्या आधारे घरबसल्या बदलता येतो. पत्ता आणि मोबाईल दोन्ही हातचे गेले असतील, तर कागदपत्रे घेऊन आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि पडताळणीनंतरच नवा प्रवेश मिळतो. घरी पाच मिनिटांत होणारे काम मग कचेरीच्या फेऱ्यांवर जाते.

म्हणून नियम साधा आहे. धंद्याचा ई-मेल धंद्याच्या नावाने, मालकाच्या मोबाईलला जोडलेला आणि घरातील दोघांना माहीत असलेला असावा. विद्यार्थ्याचा पत्ता केवळ विद्येच्या कामासाठी असावा. गल्ल्याची रोकड आणि घरखर्चाची रोकड वेगळी ठेवणाऱ्या कुटुंबाला ही शिस्त नवी नाही.

विश्वासाचा गैरफायदा

ज्या पत्त्याला मान आहे, त्याच्यावर ठकाची नजर असणारच. ‘तुमच्या खात्यातील जागा संपली आहे, पुढील दुव्यावर पासवर्ड भरा,’ असा संदेश येतो. विद्यार्थी घाईत तो भरतो आणि खाते परक्याच्या हाती जाते. मग त्या खऱ्याखुऱ्या पत्त्यावरून इतर विद्यार्थ्यांना खोट्या नोकरीची पत्रे जातात, आणि पत्ता संस्थेचाच असल्याने ती खरी वाटतात. म्हणजे ‘एसी डॉट इन’ पाहून विश्वास ठेवावा, पण पैसे किंवा पासवर्ड मागितला जात असेल तर तो विश्वास तेथेच थांबवावा. संस्थेचे कार्यालय पासवर्ड कधीही विचारत नाही. बँकही विचारत नाही.

खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावणे हा सर्वांत सोपा बंदोबस्त आहे. लॉकर उघडताना एक किल्ली ग्राहकाची आणि एक बँकेची लागते, तसा पासवर्डसोबत मोबाईलवरचा संकेतही लागतो. एक किल्ली चोरीला गेली तरी लॉकर उघडत नाही.

आणखी एक प्रकार चांगल्या घरांतील मुलांकडूनही नकळत घडतो. सवलतीत मिळणाऱ्या सेवांसाठी मित्र किंवा नातेवाईक विद्यार्थ्याचा पत्ता मागतात, आणि काही जण तो पैसे घेऊनही देतात. सवलत विद्यार्थ्यासाठी असते, परक्याने ती घेणे म्हणजे खोट्या मापाने माल घेणे. शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क खाली गुन्हा आहे. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपला पत्ता दुसऱ्याने गैरकामासाठी वापरला तर पहिली विचारणा मूळ खातेदारालाच होते. फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तात्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम थोपवली जाण्याची शक्यता अधिक.

पत्राची रीत

साधन चांगले असले तरी ते वापरण्याची रीत शिकावी लागते. मोबाईलवरच्या गप्पांची सवय झालेले विद्यार्थी प्राध्यापकांना विषयाची ओळ न लिहिता, नाव न सांगता, केवळ फाईल जोडून पाठवतात. व्यापाऱ्याच्या घरात पत्र लिहिण्याची जुनी शिस्त आहे : आरंभी नमस्कार, मग मागील पत्राचा संदर्भ, मग काम, आणि शेवटी नाव व गाव. ई-मेललाही हेच पुरते. विषयाच्या ओळीत काम सांगावे, मजकुरात वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहावा, जोडलेल्या फाईलला स्वतःचे नाव द्यावे. जीमेलवर २५ मेगाबाइटपेक्षा मोठी फाईल थेट जोडता येत नाही, ती ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा द्यावा लागतो. सर्वांना एकदम उत्तर देण्याची कळ दाबण्यापूर्वी यादीत कोण कोण आहे हे पाहावे.

रोज एकदा तरी टपालपेटी उघडावी आणि स्पॅमचा कप्पाही चाळावा. घाटातून प्रवास करणाऱ्या किंवा डोंगराळ गावात सुट्टीला आलेल्या विद्यार्थ्याला मोबाईलची रेंज मिळेलच असे नाही. त्याने परीक्षेच्या अर्जाच्या किंवा शुल्काच्या शेवटच्या तारखेवर विसंबू नये. जीमेलमध्ये जोडणीविना पत्रे वाचण्याची आणि लिहून ठेवण्याची सोय आहे, संस्थेने ती खुली ठेवली असल्यास सुट्टीपूर्वी चालू करून घ्यावी.

निरोप घेण्यापूर्वी

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुराने महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच अतिवृष्टीत तळिये गावावर दरड कोसळली. माणसांच्या हानीपुढे कागदांचे दुःख लहान, हे खरेच. पण पुरानंतर उभे राहताना चिखलात भिजलेल्या वह्या, दाखले आणि गुणपत्रिका यांची उणीव घरोघरी भासते. त्यातून घेण्याचा बोध असा की, महत्त्वाचा कागद एकाच जागी असू नये. तो केवळ कपाटात नसावा, आणि केवळ एका ई-मेल खात्यातही नसावा. डिजिलॉकरवर मूळ संस्थेने दिलेले दाखले कायद्याने मूळ प्रतीसमान मानले जातात. उच्च शिक्षणातील श्रेयांकांची नोंद ठेवणारी शैक्षणिक श्रेयांक पेढी जुलै २०२१ मध्ये सुरू झाली आहे. तिच्यावरील आपले खाते विद्यार्थ्याने जातीने तपासून ठेवावे.

शेवटचे सत्र सुरू झाले की पुढील कामे एका सुट्टीत पुरी करावीत. कायमस्वरूपी वैयक्तिक पत्ता तयार करावा, तो मोपलेला आणि पूर्ण नावाचा असावा. ज्या ज्या ठिकाणी विद्यापीठाचा पत्ता दिला आहे, त्यांची यादी करावी : बँक, प्राप्तिकर, शिष्यवृत्तीचे महाडीबीटी खाते, नोकरीची संकेतस्थळे, पारपत्र, विमा आणि घरच्या धंद्याच्या नोंदण्या. एकेक ठिकाणी नवा पत्ता नोंदवून यादीवर खूण करावी. प्रवेशपत्रे, शुल्काच्या पावत्या, प्राध्यापकांची पत्रे आणि प्रकल्पाच्या फाईली उतरवून घ्याव्यात. गूगलच्या खात्यांसाठी ‘टेकआउट’ ही सोय त्याकरिता आहे, मात्र संस्थेने ती खुली ठेवलेली असावी लागते. प्राध्यापकांना आणि सहाध्यायांना नवा पत्ता कळवावा. वैयक्तिक गूगल खातेही दोन वर्षे पूर्णपणे वापराविना राहिले तर बंद होऊ शकते, म्हणून त्यातही अधूनमधून प्रवेश करावा.

दिवाळीला नवी चोपडी घालण्यापूर्वी प्रत्येक पेढी जुन्या वहीतील येणे-देणे नव्या वहीत ओढून घेते. शिल्लक ओढल्याशिवाय जुनी वही बांधून ठेवत नाहीत. पदवीच्या वर्षी विद्यार्थ्याच्या ई-मेलचे काम नेमके एवढेच आहे, आणि त्या सुट्टीत वडिलांनी मुलाशेजारी बसून ती यादी एकदा वाचली, तर दुकानाचे आणि मुलाचे दोघांचेही काम मार्गी लागेल.